दाईच्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे दाई म्हणत. खरं नाव होतं, पण ते ओळखपत्रापुरतं. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती, पेशी वाढवायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात रुसून बसलेल्या पेशी दाईच्या फ्लास्कमध्ये आल्या की मुकाट वाढायला लागत. आठवड्यातून दोनदा त्यांचं खाणं बदलायचं, फ्लास्क भरला की त्यातल्या थोड्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवायच्या, बाकीच्या टाकून द्यायच्या. रविवार असो की घरात आजारपण असो, पेशी कुणाची वाट बघत नाहीत. म्हणून नाव पडलं दाई. नवीन आलेली मंडळी हसत, मग आठ दिवसांत तीही तिला त्याच नावानं हाक मारायला लागत.

कंपनी कॅन्सरवरचं एक इंजेक्शन बनवायची. आपल्या रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना निसर्गानं ब्रेक दिलेला असतो, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर उठल्या असत्या. कॅन्सरची गाठ लबाड. ती नेमका तो ब्रेक दाबून धरते, आणि पेशी तिच्या शेजारी हातावर हात ठेवून बसून राहतात. इंजेक्शन त्या ब्रेकवरचा पाय उचलायचं. पुढची लढाई पेशींनी लढायची.

पण बाटलीतलं औषध खरोखर पाय उचलतं का, हे आधी कसं कळणार? त्यासाठी सरांनी, म्हणजे विभागाच्या प्रमुखांनी, बारा वर्षांपूर्वी दोन प्रकारच्या पेशी स्वतःच्या हातानं घडवल्या होत्या. एकीच्या अंगावर ब्रेक बसवला होता आणि पोटात काजव्याचा जनुक; ती मोकळी सुटली की उजेड देणार. दुसरीच्या अंगावर ब्रेक दाबणारा पाय. दोघींना प्लेटच्या खळग्यात एकत्र घातलं की अंधार पडायचा. वर चांगल्या औषधाचा थेंब पडला की उजेड व्हायचा. यंत्र तो उजेड मोजायचं, आणि दाई आकडा लिहून सही करायची. तिच्या सहीनंतर सरांची सही, आणि मग बॅच इस्पितळांकडे रवाना.

या पेशींचा एक नियम होता. फ्लास्कमधून फ्लास्कमध्ये हलवण्याला पॅसेज म्हणतात. पंचवीस पॅसेज झाले की जुन्या पेशी टाकायच्या आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीतून नवी कुपी काढायची. टाकीत त्याच मूळ पेशी गोठवून ठेवलेल्या असतात, तरण्याताठ्या. पंचवीसच्या पुढे पेशींचा भरवसा नसतो. बाहेरून घातलेला जनुक त्यांना ओझंच असतो, संधी मिळाली की त्या तो टाकून देतात.

सुरुवातीला चारशे कुप्या होत्या. मग एका उन्हाळ्यात टाकीतला नायट्रोजन संपला, दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि निम्म्याहून जास्त मेल्या. वापरता वापरता, ही गोष्ट घडली त्या वर्षी फक्त एकतीस उरल्या होत्या. नव्या कुप्या करायच्या तर आठ महिने तपासण्या चालल्या असत्या, वरच्यांना उत्तरं द्यावी लागली असती, आणि सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं.

"जपून वापर दाई," सर म्हणाले. टाकीची किल्ली त्यांच्या खिशात असायची. "पंचवीस हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. मीच घातलाय. तेव्हा अंदाजानं घातला होता."

"म्हणजे सव्वीस चालेल?"

"मी काही म्हटलं नाही. पेशी छान दिसतायत ना? मग झालं."

पेशी छान दिसत होत्या, हे खरंच होतं. सरांनीच तिला वयाच्या बाविसाव्या वर्षी पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, धरायला शिकवलं होतं. ते म्हणाले म्हणजे झालं, असं तिचं इतक्या वर्षांचं वळण. पंचविसावा पॅसेज आला त्या दिवशी तिनं किल्ली मागितली नाही. पेशी हलवल्या, नवा तक्ता घेतला आणि वर लिहिलं, 'नवी कुपी काढली, पॅसेज एक'. आठवडाअखेर सरांनी तक्त्यावर सही केली आणि काही विचारलं नाही. त्यावरून तिला कळलं की त्यांना कळलंय.

पुढच्या काही महिन्यांत एक गोष्ट हळूहळू होत गेली. अंधार पूर्वीसारखा गडद राहिना. औषध न घालताही खळगे मिणमिणायला लागले. अंधार आणि उजेड यांत निदान तिपटीचं अंतर हवं, नाहीतर चाचणी बाद. पूर्वी ते आठपट असायचं. मग पाचपट झालं, मग सव्वातीन. एकदा दोन पूर्णांक आठ आलं, तेव्हा दाईनं थेंब टाकताना चूक झाली असं लिहून चाचणी पुन्हा लावली. दुसऱ्यांदा तीन पूर्णांक एक आलं. पास. त्यानंतर असं दोनदा झालं. त्या काळात अकरा बॅचेस तिच्या सहीनं बाहेर गेल्या.

तिला काहीच वाटलं नाही असं नाही. पण रोज थोडं थोडं बिघडणाऱ्या गोष्टीची सवय होते. शिवाय औषध कायम चांगलंच निघायचं. बारा वर्षांत तिच्या हातून एकही बॅच नापास झाली नव्हती. नापास होणारी बॅच कशी दिसते, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मग एका इस्पितळाच्या औषधभांडाराकडून पत्र आलं. अमुक बॅच दिलेल्या रोग्यांत गुण येण्याचं प्रमाण कमी वाटतं, कृपया खात्री करावी. अशा पत्रांना द्यायचं उत्तर ठरलेलं होतं. हे औषध मुळात चारातल्या एकालाच लागू पडतं, तेव्हा थोड्या रोग्यांवरून काही सांगता येत नाही. सरांनी तेच उत्तर पाठवलं. दाईनं पत्रातला बॅच क्रमांक वाचला आणि आपले जुने कागद काढून ताडून पाहिला. दोन पूर्णांक आठवाली हीच ती बॅच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सरांकडे कुपी मागितली. का, ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. किल्ली काढून दिली. तीन आठवडे तिनं नव्या पेशी वाढवल्या, आणि एका प्लेटमध्ये अर्ध्या भागात नव्या, अर्ध्या भागात जुन्या लावल्या. तक्त्यावर जुन्यांचा पॅसेज बावीस होता. खरा सत्तेचाळीस.

नव्यांत अंधार काळाकुट्ट होता. जुन्यांत अंधार जवळजवळ नव्हताच. रंग लावून तपासल्यावर कळलं, जुन्यांपैकी निम्म्याहून जास्त पेशींच्या अंगावर ब्रेकच उरला नव्हता. त्या औषध असो नसो, आपल्या उजळत होत्या, आणि त्या गोंधळात चांगलं औषध आणि अर्धमेलं औषध यांतला फरक बुडून गेला होता.

ती कागद घेऊन सरांच्या खोलीत गेली. दार लावलं. सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे सर."

"मला काय माहीत आहे? तक्त्यावर जे लिहिलंय तेवढंच मला माहीत आहे."

दाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"हे बघ," सरांचा आवाज मऊ झाला. "आजच जुना फ्लास्क टाकून दे. नव्या पेशी वापर. यापुढे सगळं नीट होईल. औषध बनवण्यात काही खोट नव्हती, मग चाचणी कशीही असो, बॅच चांगल्याच असणार ना?"

"मग राखलेले नमुने तपासू या. प्रत्येक बॅचची बाटली आहे आपल्याकडे."

"नको. तपासलंस की लिहावं लागेल. लिहिलंस की पुसता येत नाही."

तिनं फ्लास्क टाकला नाही. दोन आठवडे, रोजचं काम सांभाळून, तिनं अकराच्या अकरा बॅचेसचे नमुने नव्या पेशींवर लावले. नऊ उत्तम निघाल्या. दोन नापास. एकीची ताकद निम्मी, दुसरीची त्याहून कमी. नंतर चौकशीत कळलं की औषध भरताना एका टाकीचं थंड ठेवणारं यंत्र काही तास बंद होतं, औषध तापलं होतं, आणि कुणी नोंदलं नव्हतं. नेमकं हेच पकडायला चाचणी असते.

नापास बॅच कशी दिसते ते दाईनं पहिल्यांदा पाहिलं. पडद्यावर जिथे रेघ चढायला हवी तिथे ती आडवी पडून होती. एरवी सगळं तसंच. बाटलीतलं औषध तेवढंच स्वच्छ, तेवढंच पारदर्शक.

तिचा नवरा शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. खिडकीपाशी मशीन, भिंतीला कापडाचे तागे. तो एका कोटाची बाही उसवत बसला होता, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तक्त्याचं सुद्धा. ते सांगताना तिची नजर कोटावर होती.

"सांगितलंस तर काय होईल?" त्यानं विचारलं.

"नोकरी जाईल. कदाचित खटलाही होईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"काही होणार नाही. कुणाला कधी कळणारच नाही. त्या बॅचेस केव्हाच संपल्या असतील."

त्यानं बाही खाली ठेवली. "म्हणजे ज्यांना दिलं त्यांना..."

"ते आधीच देऊन झालंय, अहो. मी सांगितल्यानं ते परत येणार नाही."

"मग सांगायचं कशाला?"

तो रागावून विचारत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. ती म्हणाली, "रोग्यांना अजून औषध देता येईल. जे जिवंत असतील त्यांना. चांगलं."

"मग हेच आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला, आणि बाही पुन्हा हातात घेतली. "लिही अर्ज."

तिनं गुणवत्ता विभागाला चार पानी पत्र दिलं. त्यात स्वतःचे खोटे तक्ते तारखांसकट लिहिले. किल्लीचं आणि सरांशी झालेलं बोलणंही लिहिलं. पुढच्या आठवड्यात चौकशी बसली. लांब टेबल, पलीकडे पाच माणसं, अलीकडे ती एकटी. सरांची साक्ष तिच्या आधी झाली होती. ती तिला वाचून दाखवली. दोन वाक्यांची होती. 'तक्त्यांवर मी विश्वासानं सही करत असे. कुपी काढण्याचे निर्णय सदर कर्मचारी स्वतः घेत असे.'

"टाकीच्या नोंदवहीत सहीच नाहीये," दाई म्हणाली. "शेवटी तपासायला मी काढली ती सोडली तर अकरा महिन्यांत एकही कुपी बाहेर निघाली नाही. वही सरांच्या हातची आहे. माझ्या तक्त्यावर नवी कुपी आणि त्यांच्या वहीत कुपी निघालीच नाही, हे त्यांना दिसलं नसेल?"

पाचांपैकी एकीनं काहीतरी टिपून घेतलं. "दिसायला हवं होतं," ती म्हणाली. "त्याची स्वतंत्र नोंद घेऊ. पण तक्त्यावरचं अक्षर तुमचं आहे ना?"

"हो. माझंच."

स्वतंत्र नोंद कुठे गेली ते दाईला कधी कळलं नाही. तिला कामावरून काढलं. सर मुदतीच्या दोन महिने आधी, प्रकृतीच्या कारणावरून, निवृत्त झाले. निघायच्या दिवशी ती आपलं कपाट रिकामं करत असताना ते जिन्यात भेटले. ती थांबली. ते म्हणाले, "घरी मंडळी आहेत, दाई," आणि खाली उतरून गेले. एवढंच. त्यांचा राग यावा असं तिला फार वाटलं. पण डोळ्यांसमोर येत होता तो आपलाच हात, नव्या तक्त्यावर 'पॅसेज एक' लिहिणारा.

कंपनीनं दोन बॅचेस परत मागवल्या. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकट आली. क्रमांक होते आणि खाली एक ओळ, 'रुग्णांना अपाय झाल्याचे आढळलेले नाही.' ओळ खोटी नव्हती. चारातल्या तिघांना ते औषध तसंही लागू पडत नाही. मग जे गेले ते औषध दुबळं होतं म्हणून गेले, की तेही त्या तिघांतलेच होते, हे आढळणार कसं? ज्या रोग्यांना इस्पितळं शोधू शकली त्यांना नवी बाटली मिळाली. ते किती, हे तिनं फोन करून विचारलं. माहिती देता येत नाही असं उत्तर मिळालं.

महिन्याभरानं एका दुपारी दुकानात एक म्हातारा आला. हातात कापडी पिशवी. शिंप्याला वाटलं काही अल्टर करायला आणलंय. म्हाताऱ्यानं पिशवीतून औषधाच्या खोक्यांची सहा झाकणं काढली आणि कापायच्या फळीवर एका ओळीत मांडली.

"कंपनीच्या फाटकावर गेलो होतो," तो म्हणाला. "आत कुणी घेईना. तिथला जुना पहारेकरी म्हणाला, या पत्त्यावर जा, ती बाई खरं सांगेल."

दाई आतून बाहेर आली. झाकणं बघायला तिला वाकावं लागलं नाही. ते दोन क्रमांक तिला तोंडपाठ होते. सहांपैकी चारांवर त्यातलाच एक होता.

म्हाताऱ्यानं आयुष्यभर ट्रक तोलण्याच्या काट्यावर नोकरी केली होती. बायको चार महिन्यांपूर्वी गेली. फुप्फुसाचा कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी तो तिला इस्पितळात न्यायचा, आणि दर वेळी परिचारिकेकडून झाकण मागून घ्यायचा. "बायको हसायची मला. म्हणायची, काय हे जमवताय पोरांसारखं."

"बसा काका," दाई म्हणाली.

"बसतो. पण आधी सांगा. हे औषध बरोबर होतं का?"

"ही दोन बरोबर होती. ही चार नव्हती."

त्यानं मान हलवली, जणू एवढं त्याला माहीत होतं. मग खुर्चीवर बसला. दाईनं त्याला सगळं समजावलं. ब्रेक, उजेड, पॅसेज. स्वतःचं तक्त्याचंही, शब्दही न वगळता. नवऱ्यानं मशीन थांबवलं होतं.

"म्हणजे काटा बिघडला होता," म्हातारा म्हणाला.

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं, काट्याची मुदत संपलीय म्हणून."

"हो."

"आमच्याकडे मुदत संपली की काटा सील करायचो. ट्रकांची रांग लागली तरी. शिव्या खायचो." त्यानं एक झाकण उचललं, उलटं केलं, पुन्हा ठेवलं. आवाज चढला नाही. "बरं, आता एकच सांगा. औषध चांगलं असतं तर ती वाचली असती?"

"चारातल्या एकाला गुण येतो, काका."

"ते डॉक्टरही म्हणाले होते. ती त्या एकातली होती का?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

"तुम्हाला पण?"

"मला पण."

म्हातारा पुढे झुकला. "मग तुम्ही नाही म्हणा. म्हणा, नसती वाचली. तुम्ही त्यातल्या जाणकार आहात, तुम्ही म्हटलंत की मी मानीन. ती शेवटी शेवटी विचारायची, अहो, इतरांना लागू पडतं, मलाच का पडत नाही? मी म्हणायचो, धीर धर, पडेल. एवढं म्हणा, म्हणजे मी जातो."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं, म्हण, काय जातंय. दाईनंही तोंड उघडलं. 'नसती वाचली.' दोनच शब्द. कित्येक महिने तिनं यापेक्षा मोठं खोटं, तेही सहीनिशी, सहज लिहिलं होतं.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. "वाचली असती किंवा नसती. खरंच माहीत नाही."

म्हाताऱ्यानं एकेक झाकण उचललं, पिशवीत टाकलं, आणि कुणाचाही निरोप न घेता निघून गेला.

तीन आठवड्यांनी तिला फोन आला. पलीकडे एक तरुण बाई होती. म्हाताऱ्याची सून.

"तुम्ही काय सांगितलंत आमच्या सासऱ्यांना?" ती म्हणाली. "तिकडून आल्यापासून बोलत नाहीत कुणाशी. जेवत नाहीत धड. नातू जवळ गेला तर उठून दुसऱ्या खोलीत जातात. आई गेल्या तेव्हासुद्धा असे नव्हते."

दाईनं म्हाताऱ्याला जे सांगितलं होतं तेच तिलाही सांगितलं.

"एवढं खरं कशाला बोललात?" सुनेला रडू फुटलं. "आता बोलून कुणाचं भलं झालं? जेव्हा बोलायचं तेव्हा गप्प बसलात!"

दाईनं पत्ता विचारला, आणि सुनेनं तो रागारागानंच दिला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेनं उघडलं, आत बोट दाखवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. म्हातारा खिडकीजवळ पलंगावर बसला होता. दाढी वाढलेली. शेजारची उशी अजून दुसऱ्या कुणाची असावी तशी नीट, न चुरगळलेली. दाई समोरच्या स्टुलावर बसली. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती.

"कशाला आलात?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. बसायला."

"तुम्ही समोर बसलात की मला परत परत तेच विचारावंसं वाटतं."

"विचारा ना."

"उत्तर बदलणार आहे का?"

"नाही."

"मग जा," तो म्हणाला. रागानं नव्हे, थकलेला माणूस दिवा घालवायला सांगतो तसं. "आणि पुन्हा येऊ नका."

ती उठली. दारापर्यंत गेली, मागे वळून बघितलं. म्हाताऱ्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. सून तिला जिन्यापर्यंत सोडायला आली नाही. खाली उतरताना दाईला पायऱ्या दिसत नव्हत्या, कठडा धरून ती एकेक पाऊल टाकत होती. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडं होतं. आतून एका बाईनं विचारलं, "कुणाकडे आला होतात?" आणि दाईला काही केल्या सांगता आलं नाही.